सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीचा ब्रेक वाटेत जाम झाला तर काय बघायचं, कुठून सुरू करायचं

चवथीच्या चार दिवस आधी मोटरसायकल सर्व्हिसिंगला टाकली होती. ऑइल बदललं, चेन टाइट केली, मागच्या डिस्कला नवीन पॅड टाकले आणि मीच मेकॅनिकला सांगितलं की मागचं पेडल फार खाली जातंय, जरा वर घे. त्याने घेतलं. मालवण बाजारात दोन फेऱ्या मारल्या, पाय टेकवला की गाडी उभी, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला आणायला कुडाळ स्टेशनला निघालो, चौके मागे पडलं, धामापूरच्या अलीकडची वळणं सुरू झाली आणि गाडी जड वाटायला लागली, म्हणजे तिसऱ्या गिअरवर चढ काढताना कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. मला वाटलं पेट्रोलमध्ये पाणी आलं असेल. मागून रिक्षावाला हॉर्न मारत बाजूला आला आणि म्हणाला, दादा तुमचा ब्रेक लाइट कधीपासून पेटलेलाच आहे. माझा पाय तर पेडलवर नव्हताच. पायाने चाचपून बघितलं तर पेडल दगडासारखं कडक, जळका वास येत होता आणि पुढच्या उतारावर ओल्या पानांवरून जाताना मागचं चाक फिरायचंच थांबलं. शेपटी डावीकडे सरकली, क्लच दाबला, हँडल सरळ धरलं, पाय टेकले आणि कशीबशी गाडी उभी राहिली. समोरून त्या वेळी काही आलं नाही म्हणून हे लिहायला मी आहे.

अर्धा तास थांबलो तर चाक आपोआप सुटलं. वाटलं झालं, निघालो, आणि नेरूरपारच्या आधी परत तेच. तिथे एका म्हाताऱ्या फिटरकडे गाडी ढकलत नेली. त्यांनी ना चाक खोललं ना कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग), खाली बसले, पेडल दोन बोटांनी हलवून बघितलं, मग दोन पाने घेऊन पेडलच्या दांड्याचा चेकनट, म्हणजे दांडा जागेवर पक्का धरणारा नट, सैल केला, दांडा थोडासा फिरवला आणि चाक मोकळं. दोन मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, "झिला, ब्रेक लागता काय ता सगळे बघतत, सुटता काय ता कोण बघणा नाय."

त्या दिवसानंतर मी स्वतःच्या, भावाच्या, शेजाऱ्यांच्या बऱ्याच गाड्यांचे ब्रेक खोलून बघितलेत आणि माझं ठाम मत झालंय की सर्व्हिसिंगनंतर ब्रेक जाम होण्याचे बहुतेक प्रकार गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर पडायच्या आधी पाच मिनिटांत सापडू शकतात. पण त्यासाठी ब्रेक सुटतो कसा हे डोक्यात बसलं पाहिजे, म्हणून आधी ते.

ब्रेक सुटतो कसा

डिस्क ब्रेकचा लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइल ढकलतो, ते ऑइल पाइपातून कॅलिपरमध्ये जातं, तिथला पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. सोडल्यावर काय होतं? कॅलिपरचा पिस्टन मागे खेचायला तिथे स्प्रिंग नसते. त्याच्याभोवती चौकोनी कडेचं एक रबर सील असतं, पिस्टन पुढे सरकला की ते थोडं पिळतं आणि दाब गेला की परत सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. बस, एवढंच. म्हणून पिस्टनवर गंज किंवा चिखलाचा थर असला तर त्या बिचाऱ्या सीलमध्ये त्याला मागे घ्यायची ताकद नसते.

दुसरी गोष्ट वरच्या बाजूची, आणि माझ्या गाडीचं दुखणं हेच होतं. मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या डबीच्या तळाला एक सुईने टोचल्यासारखं बारीक भोक असतं. लिव्हर पूर्ण सुटलेला असतो तेव्हा हे भोक उघडं असतं, म्हणजे गरम होऊन फुगलेलं ऑइल त्यातून परत डबीत येऊ शकतं. आता पेडल वर घ्यायला मास्टरच्या पिस्टनला ढकलणारा त्याचा दांडा जरा लांब केला आणि पिस्टन पूर्ण मागे आलाच नाही, अगदी एखाद मिलिमीटर कमी आला, तरी ते भोक झाकलेलं राहतं. गाडी चालायला लागली की पॅड थोडे घासतातच, ऑइल गरम होतं, फुगतं, जायला जागा नाही म्हणून पॅडला आणखी दाबतं, त्याने आणखी गरम, आणखी दाब, असं वाढत जाऊन शेवटी चाक जाम. म्हणूनच बाजारातल्या दोन फेऱ्यांत काही कळत नाही आणि दहा बारा किलोमीटरवर सगळं उघडं पडतं. आणि म्हणूनच गार झाल्यावर ते आपोआप सुटतं. गार झाल्यावर सुटणारा आणि गरम झाल्यावर परत धरणारा ब्रेक असेल तर संशय आधी ह्या भोकावर घ्यायचा.

ड्रम ब्रेकचं वेगळं आहे, तिथे दोन शू असतात, मध्ये एक कॅम फिरतो आणि शू बाहेर फाकवतो, सोडल्यावर स्प्रिंगा शू परत आत ओढतात. त्याच्याकडे नंतर येतो.

वाटेत जाम झाला तर

चालत्या गाडीत मागचं चाक धरलं तर क्लच दाबा, हँडल सरळ ठेवा, पुढचा ब्रेक हलक्या हाताने वापरा आणि गाडी थांबू द्या. वळवायला जाऊ नका. पुढचा ब्रेक असा धरत असेल तर तो सहसा एकदम जाम होत नाही, आधी लिव्हर कडक होतो, त्याचा प्रवास कमी होतो, गाडी न्यूट्रलला टाकली तरी लगेच मंदावते, वास येतो. ह्यातलं काहीही जाणवलं की पुढच्या गावापर्यंत नेऊ असा विचार न करता तिथेच कडेला घ्यायची. आंबोली, करूळ, फोंडा असल्या घाटात असाल तर पहिली रुंद जागा मिळाली की थांबा, कारण पुढचं चाक वळणावर जाम झालं तर सावरायला वेळ मिळत नाही.

थांबल्यावर लगेच पाणी ओतायचं नाही. आपल्याकडे बाटली असतेच हातात आणि डिस्कमधून धूर दिसला की माणूस आधी तेच करतो, पण तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते, आणि मग ब्रेक दाबताना लिव्हर हातात थडथडत राहतो. अर्धा तास नुसतं थांबा. हात लावू नका, चांगलं भाजतं.

मग आधी हे ठरवा की हा ब्रेकच आहे ना. गाडी न्यूट्रलला टाकून पुढे मागे हलवा. हलत नाही? क्लच दाबून बघा. क्लच दाबल्यावर मोकळी झाली तर भानगड इंजिन किंवा गिअरची आहे, ब्रेकची नाही. चेन बघा, सर्व्हिसिंगमध्ये चेन इतकी ताणलेली असते की डबल सीट बसल्यावर आणि खड्ड्यात गेल्यावर ती सतारीच्या तारेसारखी होते आणि चाक अडखळतं. रोजच्या वापराच्या साध्या गाड्यांना चेन खालच्या बाजूला मधोमध साधारण २० ते ३० मिलिमीटर वरखाली हलली पाहिजे, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. पुढचं चाक काढून बसवलं असेल तर एक्सलवरचा स्पीडोमीटरचा गिअर वाकडा बसून चाक अडू शकतं, वायसर किंवा स्पेसर विसरला असला तरी तसंच.

ब्रेकच आहे हे पक्कं झालं की पेडल किंवा लिव्हर हाताने उलट दिशेला ओढून बघा. मागचं पेडल हाताने वर उचललं आणि चाक सुटलं, तर पेडल स्वतःहून परत येत नाहीये. आपल्या खाऱ्या हवेत पेडलची पिन गंजून घट्ट होणं ही अगदी रोजची गोष्ट, त्यात परतीची स्प्रिंग तुटलेली किंवा सर्व्हिसिंगला लावायची राहिलेली. नवीन बसवलेला गार्ड पेडलला टेकतोय का हेही बघा. पुढे नवीन फॅन्सी लिव्हर टाकला असेल तर तो कधी कधी मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला कायमचा थोडा दाबून ठेवतो, मूळ लिव्हर परत लावला की दुखणं गायब.

तेही नसेल तर पेडलची किंवा लिव्हरची मोकळी चाल बघा. दोन बोटांनी हलवायचं, दांडा पिस्टनला टेकायच्या आधी थोडीशी तरी ढिलाई हातात जाणवली पाहिजे. अजिबात नाही? मग माझ्यासारखीच केस. दांड्यावरचा चेकनट सैल करायचा, बऱ्याच गाड्यांवर दहा किंवा बाराचा पाना लागतो, आणि दांडा आखूड होईल अशा दिशेने अर्धा अर्धा आटा फिरवत चाल परत आणायची, चेकनट परत कसायचा, चाक फिरवून बघायचं. हे रस्त्यात करण्यासारखं काम आहे. पेडल त्यामुळे थोडं खाली जाईल, जाऊ दे. मागचा ब्रेक लाइटचा स्विच वेगळा असतो, तोही मग जुळवून घ्यायचा.

दाब कुठे अडकलाय ते शोधणं

हे घरी किंवा गॅरेजमध्ये करायचं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे अंदाजाने पार्ट बदलत बसलं तर कॅलिपर, मास्टर किट, पाइप असं सगळं बदलून होतं आणि दुखणं तिथेच.

ब्रेक जाम असतानाच तपासायचं, सुटल्यावर काही कळत नाही. चाक हाताने फिरत नाही अशा अवस्थेत आधी मास्टर सिलिंडरला पाइप जिथे जोडलेला असतो तो बोल्ट फडकं गुंडाळून अगदी थोडा सैल करा. ऑइल दाबाने फसकन आलं आणि चाक सुटलं तर अडचण मास्टर सिलिंडरमध्ये किंवा त्याला दाबणाऱ्या दांड्यात. सुटलं नाही तर तो परत कसा आणि कॅलिपरचं ब्लीडर निप्पल, म्हणजे ऑइलमधली हवा काढायची छोटी नळी, सैल करा. इथे सुटलं तर मधला रबरी पाइप आतून फुगलाय किंवा त्याचा पापुद्रा सुटलाय, ऑइल जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. जुन्या गाड्यांत हे होतं आणि बाहेरून पाइप एकदम ठणठणीत दिसतो. आणि निप्पल उघडूनही चाक सुटलं नाही तर दाबाचा प्रश्नच नाही, पिस्टन गंजलाय किंवा कॅलिपर ज्यांच्यावर आडवा सरकतो त्या सरकपिना जाम झाल्यात.

हे करताना डोळ्याला चष्मा लावा. ब्रेक ऑइल रंग खातं, टाकीवर पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. आणि बोल्ट किंवा निप्पल उघडलं म्हणजे हवा आत जाऊ शकते, म्हणून नंतर हवा काढून लिव्हर कडक लागतोय हे बघितल्याशिवाय गाडी एक फूटसुद्धा चालवायची नाही. जाम ब्रेक सोडवला आणि मग ब्रेकच लागला नाही, हे आणखी वाईट. रस्त्यात निप्पल उघडावं लागलं असेल तर सरळ टेम्पो बोलवा.

मास्टरवर संशय आला तर त्या बारीक भोकाची एक छान तपासणी आहे. डबीचं झाकण उघडा, रबराचा पडदा काढा, भोवती फडकी लावा, आणि आत बघत लिव्हर अगदी हळू, जेमतेम हलवा. भोक उघडं असेल तर तळातून ऑइलचा एक छोटासा झरा वर येताना दिसतो, पृष्ठभागावर लाट उठते. जोरात दाबलात तर तोंडावर उडेल, म्हणून हळू. काहीच हललं नाही तर एक तर पिस्टन मागे आलेला नाही किंवा भोकात कचरा बसलाय. जुनं ऑइल वर्षानुवर्षं तसंच राहिलं की त्याची पांढरट पिवळट खडी बनते आणि ती बरोबर इथेच अडकते. मी एकदा गिटारच्या बारीक तारेने ते भोक मोकळं केलं, पण हात अगदी हलका पाहिजे, भोक मोठं होता कामा नये, आणि नंतर सगळं ऑइल नवीन.

तो रबराचा पडदा हातात आहे तोवर नीट बघा. तो फुगलेला, सुरकुतलेला, परत जागेवर बसताना मोठा होत असेल तर ब्रेकच्या ऑइलमध्ये कोणीतरी दुसरं तेल घातलंय किंवा पार्ट पेट्रोल, रॉकेलमध्ये धुतलेत. आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळं डिझेलच्या नाहीतर पेट्रोलच्या डब्यात बुडवून ब्रशने धुवायची सवय आहे, साध्या, रबरी रिंगा नसलेल्या चेनला ते चालतं, ब्रेकच्या रबराला अजिबात चालत नाही. खनिज तेल लागलं की हे रबर फुगतं, मास्टरमधली वॉशरं फुगून ते भोक झाकतात, कॅलिपरचं सील पिस्टनला सोडत नाही. एक चमचाभर इंजिन ऑइल पुरेसं आहे. असं झालं असेल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, मास्टर किट, कॅलिपरची सीलं, पाइप, पडदा सगळं रबर बदलावं लागतं. महाग पडतं, पण इथे काटकसर करू नका हे हात जोडून सांगतो.

ऑइलबद्दल तीन ओळी. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घालायचं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते ह्यांच्यात मिसळत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं पण ओलावा शोषल्यावर तोच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत किती ओल असते हे वेगळं सांगायला नको, म्हणून दर दोन वर्षांनी बदला आणि गॅरेजच्या फळीवरची उघडी अर्धी बाटली नको म्हणून सांगा, नवीन सीलबंद आणून द्या.

आणखी एक चूक नवीन पॅड टाकताना होते. जुने पॅड झिजले की डबीतली पातळी खाली जाते, कोणीतरी मध्येच वरपर्यंत भरतो, मग नवीन पॅड बसवायला पिस्टन आत ढकलला की ते सगळं ऑइल वर येतं आणि डबी गच्च होते, फुगायला जागाच उरत नाही. वरच्या खुणेच्या खाली पातळी पाहिजे. आणि पिस्टन ढकलण्याआधी तो पुसायचा. बाहेर आलेल्या भागावर लाल माती, पॅडची पूड आणि मिठाचा थर असतो, स्क्रू ड्रायव्हर घालून तो तसाच आत रेटला की ती घाण सीलमध्ये जाऊन बसते आणि पिस्टन अडकतो. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी, कोरडं करून मग ढकला. माझ्या भावाच्या गाडीचा पुढचा ब्रेक ह्याच कारणाने धरत होता, पिस्टन बाहेर काढला तर कडेला तांबडी रेघ उठलेली, नखाला लागत होती.

सरकपिनांना सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच मिळतं ते ग्रीस लावायचं, बेअरिंगचं ग्रीस नाही, ते पिनांच्या रबरी टोप्या फुगवतं. टोपी फाटली असेल तर बदला, नाहीतर एका पावसाळ्यात पिन गंजून बसते. पिना जाम आहेत हे ओळखायची सोपी खूण म्हणजे एका बाजूचा पॅड पार झिजलेला आणि दुसरा नव्यासारखा.

ड्रमवाल्या गाड्या

इथे सर्व्हिसिंगनंतरची सगळ्यात धोकादायक चूक आधी सांगतो. मागच्या ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी किंवा दांडा असतो, एक टोक प्लेटला, दुसरं स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फाट्याला. ब्रेक लागला की प्लेट चाकाबरोबर फिरू बघते आणि ही पट्टी तिला अडवते. पंक्चर काढताना किंवा शू बदलताना ती सोडतात, आणि तिचा नट कसायचा राहिला किंवा नटातली स्प्लिट पिन घातलीच नाही तर एके दिवशी जोरात ब्रेक मारल्यावर प्लेट गरकन फिरते, ब्रेकचा दांडा गुंडाळला जातो आणि चाक जागच्या जागी जाम. काही गाड्यांत पट्टीऐवजी प्लेटच्या खाचेत स्विंगआर्मचा खुंट बसतो, पुढच्या ड्रमला तर बहुतेक तसंच असतं, फोर्कवरचा उंचवटा प्लेटच्या खाचेत. खाचेत बसलाय का हे खाली वाकून डोळ्याने बघायचं, विचारून उपयोग नाही. चाक खोललं असेल त्या प्रत्येक वेळी मी ही एक गोष्ट स्वतः बोट लावून बघतो.

दुसरं चेनचं. चेन टाइट करताना चाक मागे सरकतं, त्याबरोबर ब्रेकचा दांडा ताणला जातो आणि काही न करता ब्रेक टाइट होतो. म्हणून क्रम असा, आधी ब्रेकचा नट सैल, मग एक्सल सैल, चेन जुळवली, मग पेडल दाबून धरून एक्सल कसायचा म्हणजे शू मधोमध बसतात, आणि शेवटी ब्रेकचा नट फिरवून पेडलची चाल जुळवायची, बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास. पेडल न दाबता एक्सल कसला तर एक शू एका बाजूला घासत राहतो.

नवीन शू टाकूनही ब्रेक लागला की सुटत नसेल तर कॅम कोरडा असतो. कॅमची कांडी प्लेटच्या भोकात गंजते, पाय काढला तरी परत फिरत नाही. काढून पॉलिश पेपर मारायचा, ग्रीसचा अगदी पातळ हात, जास्त लावलं तर ते गरम होऊन शूवर जाईल. बाहेरची दांडी बसवताना कांडीवर आणि दांडीवर टिंब असतं ते जुळवायचं. शू झिजले म्हणून दांडी एक दाता पुढे बसवून वेळ मारून नेणारे असतात, त्यात कॅम इतका फिरतो की आडवा होऊन तिथेच अडकतो. असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा आणि शू बदला. आतली पूड हवेने उडवू नका, छातीला वाईट, ओल्या फडक्याने पुसा.

पावसात रात्रभर उभी गाडी सकाळी पहिल्या ब्रेकला कचकन धरते, ड्रमच्या आत रात्रीत गंजाची झाक आलेली असते. दोन तीनदा हलक्या पायाने दाबून ती जाते. गेली नाही आणि रोजचंच झालं तर खोलून बघा. स्कूटरचं थोडक्यात, सीबीएसमध्ये, म्हणजे जोडब्रेकमध्ये, डावा लिव्हर पुढचा मागचा दोन्ही ब्रेक ओढतो, मागची केबल टाइट करताना पुढची जुळवली नाही तर पुढचं चाक धरून राहतं. केबल खाऱ्या हवेत आतून गंजते, हाताला रखरख लागली की बदला.

एबीएस

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नवीन दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, त्यामुळे बऱ्याच जणांना चाक लॉक होणं म्हणजे काय हे माहीतच नाही. सर्व्हिसिंगला चाक काढताना सेन्सर हलला, त्याची वायर दबली, किंवा दात्यांच्या रिंगला मार बसला तर एबीएस स्वतःला बंद करतं आणि मीटरवर पिवळा दिवा पेटलेला ठेवतं. ब्रेक नेहमीसारखा लागतो, फक्त ओल्या रस्त्यावर जोरात दाबलात की चाक लॉक होतं, आणि माणूस म्हणतो सर्व्हिसिंगनंतर ब्रेक जाम व्हायला लागला. चावी फिरवल्यावर दिवा पेटलाच पाहिजे आणि गाडी थोडा वेग घेतल्यावर विझलाच पाहिजे. विझत नसेल तर परत गॅरेज. बऱ्याच गाड्यांत फक्त पुढच्या चाकाला एबीएस असतं हेही लक्षात ठेवा, मागचं चाक त्यात लॉक होणारच.

गॅरेजमधून घेताना

मी आता हे करतो. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रल, मागचं चाक हाताने फिरवतो, ब्रेक पूर्ण दाबतो, सोडतो, लगेच परत फिरवतो, असं पाच सहा वेळा. डिस्कचा हलका सुर्र आवाज चालतो, अडखळणं नाही. पुढचं चाक उचलून तेच, आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून परत, कारण हेडलाइट खोलून बसवताना ब्रेकची केबल चुकीच्या बाजूने घेतलेली असली तर हँडल वळवलं की ती ताणते आणि वळणावरच ब्रेक धरतो. मग लिव्हर आणि पेडलची चाल, एक्सलचा नट, ड्रमची पट्टी, डबीतली पातळी, ब्रेक लाइट विझतो का. मेकॅनिकला राग येत नाही हो, नीट बोललं तर. मी सांगतो, भाऊ मागे एकदा घसरलोय, जरा बघू दे. तेही मग शेजारी बसून दाखवतात.

त्यानंतर पैसे द्यायच्या आधी पाच सहा किलोमीटरची एक फेरी, सपाटीला, कमी रहदारीची. शेवटचा अर्धा किलोमीटर ब्रेकला हात न लावता न्यूट्रलमध्ये गाडी आपोआप थांबू द्यायची, खाली उतरायचं आणि दोन्ही डिस्कच्या जवळ हात न टेकवता धरायचा, ड्रम असेल तर हबच्या जवळ. कोमट वाटलं तर ठीक. एका चाकाची धग हाताला लागली तर गाडी वळवून त्याच दारात परत न्यायची, घाटात नाही.